पेटीवाल्याचा डावा हात

(बुऱ्हाणपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर ‘सी. रामचंद्र : जाझ आणि नाच’ असं वाचून काहींनी भुवया उंचावल्या, असं कार्यकर्त्यांनीच मला सांगितलं. तापीकाठी, फारुकींच्या आणि रहीम खानखानाच्या गावात जाझचं काय काम? शंका रास्त आहे. पण तिचं उत्तर याच गावात साडेचारशे वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे.

खानदेशात फारुकींचं राज्य होतं आणि बुऱ्हाणपूर त्यांची राजधानी. बुऱ्हाणखान फारुकीच्या आश्रयाला कर्नाटकातून एक पंडित आला, पुंडरीक विठ्ठल. त्याने इथे ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे तो उत्तरेत कछवाहा राजांकडे गेला आणि तिथे लिहिलेल्या ‘रागमंजरी’त त्याने एक धीट गोष्ट केली. इराणी धुनांची यादी देऊन कोणती धून आपल्या कोणत्या रागाच्या शेजारी बसते ते नोंदवलं : सारंगाजवळ माहूर, कानड्याजवळ निशाबर. त्याच पंडिताने अकबराच्या काळात ‘नर्तननिर्णय’ लिहिला. त्यात देशी नृत्यांच्या जोडीला जक्कडी हा फारसी बोलांवर होणारा नाचही आहे. यांतले रागांवरचे ग्रंथ भातखंड्यांनी उजेडात आणले म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहेत. बाहेरून आलेली धून, ती बसवून घेणारा जाणकार आणि तिच्यावर नाचणारं शरीर, हे त्रिकूट या गावाला नवं नाही. जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरणाऱ्या गावाला तर नाहीच नाही.

आता पुणतांब्याला येऊ. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच आपले सी. रामचंद्र, जन्मले. गाणं शिकले नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात, म्हणजे बुवांचे गुरू पलुसकर यांच्या शिस्तीत. नायक व्हायची हौस होती. ‘नागानंद’मध्ये नायक झालेही, पण चित्रपट पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि पेटीची साथ. आपल्याला त्यांचा पुढचा प्रवास त्या पेटीपासून पाहायचा आहे.

पेटी वाजवणाऱ्या माणसाचे हात नीट बघा. उजवा हात पट्ट्यांवर फिरतो. डावा भाता मारतो. त्या हाताची सुटका नाही, कारण भाता थांबला की सूर थांबला. म्हणून पेटीवर चाल बांधणारा माणूस एका हाताने विचार करतो, एका सुरामागून दुसरा सूर. आपल्या संगीताला ते पुरतं, किंबहुना तेच हवं असतं. पियानोचं गणित निराळं. तिथे तारांवर हातोड्या पडतात, वारा घालायचा नसतो, दोन्ही हात मोकळे. उजव्यात चाल आणि डाव्यात खर्ज, सुरांचे गुच्छ आणि ठेका. जाझच्या पियानोवादकाचा निम्मा कारभार या डाव्या हातात असतो. टेडी वेदरफर्ड नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. हा गडी स्ट्राइड शैलीतला. खालचा खर्ज आणि मधला गुच्छ यांच्यामध्ये डावा हात सारखा उड्या मारतो आणि त्या उड्यांवरच समोरची माणसं नाचतात. १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने तो गेला. त्याच्या वाद्यवृंदात वाजवलेले गोव्याचे तरुण मात्र मुंबईत राहिले. ट्रम्पेट वाजवणारे फ्रँक फर्नांड त्यांतलेच. पुढे ते चित्रपटांच्या संगीतात आले.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुंबईत जाझ आलं ते मैफलीत बसून ऐकायचं संगीत म्हणून आलेलं नाही. हॉटेलच्या लाकडी जमिनीवर जोडीने नाचायला आलेल्या गिऱ्हाइकांसाठी ते आलं. वादकाची नजर गिऱ्हाइकांच्या पायांकडे. पाय अडखळले की लय बदलायची. नाचणाऱ्याकडे बघून वाजवायची ही सवय चित्रपटांच्या फार कामी आली.

गोव्याच्या या मुलांना चर्चच्या गावशाळेत व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन लहानपणीच शिकवलं जायचं. कागदावरचे सूर बघता बघता वाजवणारी अशी मंडळी हिंदुस्थानात दुसरीकडे इतक्या संख्येने मिळणं कठीण होतं. रात्री हॉटेल आणि दिवसा स्टुडिओ अशी दुहेरी कमाई ते करत. १९४९च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी कडक झाली, हॉटेलांतल्या रात्री कोरड्या पडल्या आणि दिवसाच्या कामाचं मोल आणखी वाढलं. दारूबंदी आणणाऱ्या मोरारजीभाई देसाईंनी चित्रपटसंगीताला केलेली ही मदत त्यांच्या ध्यानीमनीही नसेल!

चितळकरांचा आणि या मंडळींचा संबंध कसा होता? म्युझिक रूममध्ये पेटी पुढ्यात घेऊन अण्णा (सगळे त्यांना अण्णाच म्हणत) चाल गाऊन दाखवायचे. शेजारी बसलेला असिस्टंट ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून घ्यायचा. मग ती चाल पसरायची. खाली डबल बेस काय वाजवील, गिटार किंवा पियानो कुठले गुच्छ देईल, मुखडा संपल्यावर अंतऱ्याआधीचा पीस ट्रम्पेटने घ्यायचा की क्लॅरिनेटने, गाणाऱ्याच्या ओळीमागून सॅक्सोफोन दुसरी ओळ कशी सरकवील, हे सगळं अरेंजर ठरवायचा. मग प्रत्येक वादकापुढे कागद जायचा, रिहर्सल व्हायची आणि टेक. पेटीवाल्याचा जो डावा हात भात्यात अडकला होता, त्याचं काम ही माणसं करत होती. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की सी. रामचंद्रांच्या या गाण्यांमध्ये उजवा हात चितळकरांचा, डावा गोवेकरांचा आणि पाय नाचणाऱ्याचे. आपण फक्त उजव्या हाताला नाव दिलं.

डाव्या हातांपैकी सर्वांत ठसठशीत म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. ट्रम्पेट वाजवायचा, लुई आर्मस्ट्राँगच्या थाटात गायचाही. हॉटेलांतून त्याचा स्वतःचा वाद्यवृंद होता आणि चितळकरांचा तो असिस्टंट. चितळकर स्वतः बेनी गुडमनच्या तबकड्या आवडीने ऐकणारे. विनायकबुवांचा शिष्य आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला एकाच खोलीत बसले, तेव्हा दोघांनाही एकमेकांचं अर्धं येत होतं. संगीतात एवढी ओळख पुरते.

सुरुवात १९४७च्या ‘शहनाई’पासून धरतात. त्यातलं ‘संडे के संडे’ गाणं शिट्टी, गिटार, माउथ ऑर्गन असा ऐवज घेऊन आलं आणि पोरासोरांच्या तोंडी बसलं. जाणत्यांनी नाकं मुरडली. त्यांचा सूर पुढे सरकारी झाला. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचेच, यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. पेटी तर आकाशवाणीने १९४० सालीच बाहेर काढली होती. म्हणजे पेटीवर बांधलेल्या जाझच्या चालीला सरकारी दारातून दोनदा मज्जाव. लोकांनी रेडिओ सिलोन लावलं.

आता उचलेगिरीचा आरोप. १९५०च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ हे १९४५च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडाने म्हटलेल्या ‘चिको चिको’ या गाण्यावरून घेतलेलं आहे. यात झाकण्यासारखं काही नाही. मुखडा सरळ उचललेला आहे आणि तो उचललेला नाही असं सिद्ध करायला निघालेल्या भक्तांची मला कीव येते. मला रस आहे तो उचलल्यानंतर काय केलं यात. मूळ गाणं एका नटीभोवती फिरतं. इथे ते नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर अशा दोघींमधल्या सवालजबाबाचं झालं. एक आवाज लताबाईंचा कोवळा, दुसरा अमीरबाई कर्नाटकींचा भरदार, आणि नाच दोघींत वाटून घेतलेला. सवालजबाब म्हटल्यावर तुम्हाला तमाशाचा फड आठवला असेल, मलाही आठवतो. पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या, ब्राझीलमध्ये वाढलेल्या नटीची चाल पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्याच्या वादकांनी वाजवावी आणि नगर जिल्ह्यातल्या माणसाने तिचा सवालजबाब करावा, असा तो प्रवास. हाच माणूस तीन वर्षांनी ‘अनारकली’त भीमपलासी अशी मांडतो, की विनायकबुवांची तालीम फुकट गेली असं म्हणायची कोणाची हिंमत होऊ नये.

पण उचललेल्या गाण्यावर थांबलो तर चितळकर कळणार नाहीत. ते कळतात भगवानदादांमुळे.

भगवान आबाजी पालव. जन्म १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार, बालपण मुंबईच्या चाळीत, नाद कुस्तीचा. मूकपटांपासून कामं करत स्टंटपटांचे दिग्दर्शक झाले. चितळकरांच्या सुरुवातीच्या चित्रपटांत तमिळ ‘वनमोहिनी’ आहे आणि त्याचे दिग्दर्शकही भगवान! एक मराठी दिग्दर्शक, एक मराठी संगीतकार, दोघांनाही तमिळ येत नाही आणि बनवतात तमिळ चित्रपट. १९४२च्या ‘सुखी जीवन’ने भगवानदादांनी चितळकरांना हिंदीत आणलं. पुढची नऊ वर्षं दोघे स्वस्तातले चित्रपट करत राहिले. एकमेकांची चाल-ढाल अंगात मुरवत राहिले, असं मी म्हणेन. सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूरने दिला म्हणतात. त्यातून १९५१चा ‘अलबेला’ आला.

‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ डोळ्यांसमोर आणा. हवाई बेटांच्या धर्तीचा देखावा, समोर गीता बाली, आणि शेजारी हा जाडगेलासा, मध्यमवयाकडे झुकलेला पहिलवान. तो नाचतो म्हणजे काय करतो? पाय जमिनीपासून फारसे उचलतच नाहीत. गुडघे किंचित वाकलेले. कोपरं अंगालगत, पंजे छातीच्या उंचीवर हलके झुलतात. वजन या पायावरून त्या पायावर जातं आणि जाता जाता कंबर थोडी मागे रेंगाळते. कसरत अशी नाहीच. भुवया आणि ओठ मात्र भरपूर काम करतात. शिकलेल्या नर्तकाला यात नाच दिसणार नाही. पण ही हालचाल कशावर बसते ते ऐका. आपला केरवा आठ मात्रांचा, वजन समेवर. जाझचं वजन दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. भगवानदादांचा पाय समेवर पडतो आणि खांदा उलट्या ठोक्यावर हलतो. दोन्ही तालांची सोय एकाच शरीरात लावलेली. त्यासाठी लय फार चढी असून चालत नाही, मध्येच कुठेतरी डुलणारी हवी. त्या गाण्यात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन एवढा फौजफाटा आहे. तरी कोणी धावत नाही. हे गाणं भगवानदादांच्या अंगाचं माप घेऊन शिवलेलं आहे.

आणखी एक. त्यांच्यासाठी पार्श्वगायन केलं ते खुद्द चितळकरांनी. गायक म्हणून ते ‘चितळकर’ नावाने गायचे. आवाज गोड वगैरे नाही, थोडा सपाट, बोलल्यासारखा. भारी आवाजाच्या गायकाने ते गाणं म्हटलं असतं तर पडद्यावरचा माणूस खोटा वाटला असता. लताबाईंचा आवाज हवेत आणि याचा चाळीच्या जिन्यात. ‘अलबेला’च्या नायकाला, नाटकात जायचं वेड लागलेल्या गरीब घरच्या पोराला, हाच आवाज शोभतो. संगीतकाराने दिग्दर्शकाच्या शरीरात शिरून गायलेलं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

त्याच चित्रपटात ‘दीवाना परवाना’ आहे. त्यात झालरीच्या बाह्यांचे लॅटिन अमेरिकन पद्धतीचे कपडे घालून खुद्द चिक चॉकलेट आणि त्याचे वादक पडद्यावर येतात. एरवी ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून बाहेर न पडणारा हा डावा हात, तेवढ्या गाण्यापुरता लोकांना दिसला. १९६७ साली चिक गेला.

मग याच जोडीने १९५३ साली ‘झमेला’ काढला. ‘अलबेला’ची जादू पुन्हा साधली नाही. कृती तीच असली तरी पदार्थ दरवेळी उतरतोच असं नाही. भगवानदादांचं पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. बंगला गेला, मोटारी गेल्या, दादरच्या चाळीत परत आले आणि २००२ साली वारले. त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला तोही २०१६ साली. पण गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाचता येत नाही तो जे करतो, ते भगवानदादांनीच त्याला करून ठेवलं आहे. कोपरं अंगालगत, पंजे वर, पाय जागच्या जागी. तुमच्या-माझ्यासारख्यांना नाचायची परवानगी त्या माणसाने मिळवून दिली.

आता आपल्या घरचा माणूस. किशोर कुमार खंडव्याचा, जन्म १९२९. बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ साली वेगळा झाला, तोवर आपण खंडवा जिल्ह्यातच होतो. तेव्हा त्याच्यावर आपला हक्क सांगायला हरकत नाही, खंडवेकरांनी रागावू नये. १९५७च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ त्याने गायलं आणि पडद्यावर त्यावर नाचलाही तोच. अमेरिकेत बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ गाजून दोनेक वर्षं झाली होती, रॉक अँड रोलचा वारा इथवर आला होता. गाण्याच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात, की म्युझिक रूमबाहेर पोरं खेळताना काहीतरी मोजणीचं बडबडत होती. चितळकर आणि त्यांचे गोवेकर असिस्टंट जॉन गोम्स यांनी त्यावरून बोल रचायला घेतले आणि बोलता बोलता त्यात कोकणीतलं ‘माका नाका’ही शिरलं. राजेंद्र कृष्णसारखा गीतकार हाताशी असताना मुखडा वादकांच्या गप्पांतून यावा, हीदेखील डाव्या हाताचीच करामत.

या गाण्याचे चित्रपटात दोन अवतार आहेत. एक किशोरचा, दुसरा आशाबाईंच्या आवाजातला, वैजयंतीमालाचा. चाल तीच, मुखडा तोच. दोन्ही लागोपाठ पाहिले तर नाचणारा माणूस गाण्याचं काय करतो ते कळतं. किशोरला कुठल्याही गुरूने नाच शिकवला नव्हता. त्याचे हातपाय एकमेकांना न विचारता निघतात आणि शेवटी सगळे वेळेवर पोचतात. गाणंही त्याच्यासोबत धडपडत, उसळत जातं, पडेल असं वाटतं आणि पडत नाही. वैजयंतीमाला भरतनाट्यमची पक्की तालीम घेतलेली. तिची पाठ सरळ, प्रत्येक ठोक्याला पाऊल कुठे पडणार ते ठरलेलं. रॉक अँड रोल नाचतानाही अडवूंची, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पावलांची, शिस्त लपत नाही. तिच्यापाशी तेच गाणं नेटकं होतं. खरं सांगतो, मला किशोरचं जास्त आवडतं, पण ते खंडव्यामुळे की गाण्यामुळे हे मला नक्की सांगता येणार नाही.

आणि नाचणारा बदलला की चितळकर अख्खा वाद्यवृंद बदलत. १९५५चा ‘आझाद’ कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचा. महिनाभरात सगळी गाणी हवीत ही अट ऐकून नौशाद नको म्हणाले आणि काम चितळकरांकडे आलं, अशी हकीकत आहे. त्यातल्या ‘अपलम चपलम’वर नाचल्या दक्षिणेतल्या सई आणि सुब्बुलक्ष्मी. दोघींची पावलं इतकी जलद आणि एकसारखी, की तिथे ट्रम्पेटची फेक मध्ये आली असती तर अडगळच झाली असती. ‘नवरंग’ (१९५९) शांतारामबापूंचा. तिथे संध्याबाई होळीच्या गाण्यात अर्धी स्त्री, अर्धा पुरुष होऊन नाचतात. हॉटेलातला नाच तिथे औषधालाही नाही. मराठी ‘घरकुल’मध्ये वाद्यवृंद निराळा, ‘गीतगोपाल’मध्ये माडगूळकरांच्या शब्दांपुढे आणखी निराळा. म्हणून त्यांना ‘पाश्चात्त्य ढंगाचे संगीतकार’ म्हणणं चूक आहे. समोर कोण नाचणार आहे, ते पाहून हा माणूस काम करायचा.

५ जानेवारी १९८२ला ते गेले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहून ठेवलं, भरपूर तिखटमीठ लावून. डाव्या हातांची नोंद मात्र फार उशिरा झाली. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाने स्टुडिओतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक काढलं. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२चं. दोन्ही इंग्रजीत. चितळकर ज्या भाषेत चिडायचे, हसायचे, चाली सुचल्यावर हाका मारायचे, त्या मराठीत त्यांच्या वादकांवर त्या तोडीचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

शेवटची एक विनंती या गावातल्या तरुणांना. इथल्या लग्नाच्या वरातीत बँडवाले आजही ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवर ‘अलबेला’ची गाणी वाजवतात. त्यांच्यापुढे कागद नसतो. चिकने लिहिलेला पीस कोणी कोणाच्या कानात घातला, कुठला सूर वगळला, कुठल्या ठेक्यावर आणला, हे त्यांच्यातल्या म्हाताऱ्या उस्तादांना ठाऊक आहे. लग्नसराई संपली की ते मोकळे असतात. फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे. जाऊन विचारा, आणि आधी त्यांचं नाव लिहून घ्या.